हॅरोल्ड गिलीज

सर हॅरोल्ड डेल्फ गिलीज (१७ जून, १८८२:ड्युनेडिन, न्यू झीलंड - १० सप्टेंबर, १९६०:लंडन, इंग्लंड) हे न्यू झीलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक होते. त्यांना आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे, म्हणजेच सुघटन शल्यचिकित्सेचे, जनक मानले जाते. पहिल्या महायुद्धात चेहरा व जबडा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी ब्रिटनमध्ये स्वतंत्र रुग्णालय उभारले. शल्यचिकित्सक, दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि चित्रकार यांना त्यांनी एका छपराखाली आणले. मुख व जबड्याची शल्यचिकित्सा आज ज्या सांघिक पद्धतीने केली जाते, तिच्या घडणीत या रुग्णालयाचा वाटा मोठा आहे.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

गिलीज यांचा जन्म न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावरील ड्युनेडिन शहरात झाला. आठ भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील रॉबर्ट गिलीज हे जमिनींच्या व्यवहाराचा व्यवसाय करत. ते काही काळ न्यू झीलंडच्या संसदेचे सदस्य होते आणि हौशी खगोल अभ्यासक म्हणूनही ओळखले जात. आई एमिली या इंग्रज विनोदी कवी व चित्रकार एडवर्ड लिअर यांच्या नात्यातील होत्या. हॅरोल्ड चार वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना झालेल्या अपघातामुळे त्यांच्या एका हाताचे कोपर कायमचे आखडले होते. पुढे अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया करताना किंवा खेळताना हे व्यंग त्यांच्या आड आले नाही.

शालेय शिक्षण काही काळ इंग्लंडमध्ये आणि नंतर न्यू झीलंडमधील वांगानुई कॉलेजिएट स्कूलमध्ये झाले. तेथे ते क्रिकेट संघाचे कर्णधार होते. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. १९०४ साली ऑक्सफर्डविरुद्धच्या वार्षिक नौका शर्यतीत त्यांनी केंब्रिजकडून वल्हे मारले. गोल्फमध्येही त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात पूर्ण केले. १९१० साली त्यांना रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळाली. सुरुवातीला त्यांनी कान, नाक व घसा या शाखेत, सर मिल्सम रीस या नामांकित तज्ज्ञांकडे काम केले. १९११ साली कॅथलीन मार्गारेट जॅक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चार अपत्ये झाली.

पहिले महायुद्ध आणि जबड्याच्या जखमा

१९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरील सैन्य लवकरच खंदकांत स्थिरावले. खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाचे धड मातीआड सुरक्षित राही, मात्र डोके व चेहरा उघडा पडे. तोफगोळ्यांचे तुकडे जबडा, नाक, गाल उडवून नेत. अशा जखमेने मृत्यू येईलच असे नव्हते. पूर्वीच्या युद्धांत दगावले असते असे अनेक जखमी आता जंतुनाशके व जलद वाहतुकीमुळे वाचू लागले. परंतु वाचलेल्या माणसाला नीट खाता येत नसे, बोलता येत नसे, ओठ मिटत नसल्याने लाळ गळत राही आणि आप्तस्वकीयांपुढे उभे राहण्याचे धैर्यही त्याला होत नसे. जखमेच्या कडा ओढून तशाच शिवून टाकण्याची तत्कालीन पद्धत होती. जखम भरताना व्रण आकसत आणि चेहरा अधिकच वेडावाकडा होई.

अशा रुग्णाला कोणाकडे न्यावे, हा प्रश्नच होता. सामान्य शल्यचिकित्सकाला दात व जबड्याच्या रचनेचे पुरेसे ज्ञान नव्हते. दंतवैद्याला ते होते, पण मोठी शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्यातच १९१४ साली फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याबरोबर एकही दंतवैद्य पाठवण्यात आलेला नव्हता.

गिलीज रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झाले व १९१५ साली फ्रान्सला गेले. बुलोनजवळील विमरू येथे त्यांची गाठ चार्ल्स ऑगस्ट व्हॅलादिए यांच्याशी पडली. व्हॅलादिए हे पॅरिसमध्ये व्यवसाय करणारे, अमेरिकेत वाढलेले दंतवैद्य होते. आपल्या रोल्स-रॉइस मोटारीत त्यांनी दंतवैद्याची खुर्ची बसवून घेतली होती. तुटलेल्या जबड्याचे उरलेले भाग तारा व कमानींनी योग्य जागी धरून ठेवणे आणि मग हाडाचे कलम करणे, असे प्रयोग ते करत होते. मात्र दंतवैद्य असल्याने शल्यचिकित्सकाच्या देखरेखीशिवाय त्यांना शस्त्रक्रिया करता येत नसे. ही देखरेख गिलीज यांच्याकडे आली आणि देखरेख करणाराच शिकू लागला. एका अमेरिकन दंतवैद्याने त्यांना जबड्याच्या शस्त्रक्रियेवरील एक जर्मन ग्रंथ वाचायला दिला. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी इपोलित मोरेस्तँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाची शस्त्रक्रिया पाहिली. मोरेस्तँ यांनी चेहऱ्यावरील गाठ काढून उघडी पडलेली जागा शेजारची त्वचा फिरवून झाकली. ते पाहून गिलीज यांनी याच कामाला वाहून घेण्याचे ठरवले.

ऑल्डरशॉट येथील विभाग

इंग्लंडला परतल्यावर गिलीज यांनी सैन्याचे वरिष्ठ शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन यांच्याकडे चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभागाची मागणी केली. लेन यांच्या पाठिंब्याने जानेवारी १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथील केंब्रिज लष्करी रुग्णालयात असा विभाग सुरू झाला.

विभाग असला तरी रुग्ण तेथपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. फ्रान्समधून येणारे जखमी जहाज व रेल्वेने जिथे जागा असेल तिथे पाठवले जात. जबड्याचा रुग्ण एखाद्या दूरच्या रुग्णालयात पडून राही आणि जखम चुकीच्या पद्धतीने भरून निघे. यावर गिलीज यांनी साधा उपाय केला. लंडनच्या स्ट्रँड भागातील स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी स्वतःच्या खर्चाने सुमारे दहा पौंडांच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या. त्यांवर आपले नाव व ऑल्डरशॉटचा पत्ता घातला आणि त्या आघाडीवरील रुग्णालयांत वाटण्यासाठी युद्ध कार्यालयाकडे सुपूर्द केल्या. चेहऱ्याची जखम असलेल्या सैनिकाच्या अंगावर ही चिठ्ठी बांधून त्याला थेट ऑल्डरशॉटला पाठवावे, अशी योजना होती. थोड्याच काळात चिठ्ठ्या बांधलेले रुग्ण येऊ लागले.

१ जुलै, १९१६ रोजी सॉमची लढाई सुरू झाली. विभागाने सुमारे २०० जखमींची तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात सुमारे २,००० आले. ऑल्डरशॉटची जागा अपुरी असल्याचे त्यामुळे सर्वांच्या लक्षात आले.

सिडकपचे क्वीन्स हॉस्पिटल

१९१७ साली केंट परगण्यातील सिडकप येथे फ्रॉग्नल हाउसच्या आवारात क्वीन्स हॉस्पिटल सुरू झाले. केवळ चेहरा व जबड्याच्या जखमांसाठी उभारलेले हे रुग्णालय होते. परिसरातील संलग्न रुग्णालये धरून येथे १,००० हून अधिक खाटांची सोय झाली. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन आणि न्यू झीलंडच्या सैन्यांचे स्वतंत्र विभाग येथे होते. त्यांचे शल्यचिकित्सक एकमेकांच्या शस्त्रक्रिया पाहत व पद्धतींची देवाणघेवाण करत. १९१७ ते १९२५ या काळात येथे ५,००० हून अधिक जखमींवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

गिलीज यांचे सर्वांत निकटचे सहकारी म्हणजे दंतशल्यचिकित्सक विल्यम केल्सी फ्राय. दोघांनी कामाची वाटणी करून घेतली होती. हाडे व दात यांची जबाबदारी केल्सी फ्राय यांची, तर त्वचा व स्नायूंची गिलीज यांची. आधी आतील आधार उभा करायचा आणि मगच त्यावर त्वचा चढवायची, हा क्रम त्यांनी कटाक्षाने पाळला. जबड्याच्या आधाराशिवाय केलेला ओठ आत ओढला जातो आणि तोंडाला आतून अस्तर नसेल तर बाहेरची त्वचा आकसते, हे त्यांना अनुभवातून कळले होते. म्हणून बिघडलेल्या जखमा पुन्हा उघडून उरलेला प्रत्येक भाग आधी त्याच्या मूळ जागी नेला जाई. त्यानंतरच नेमके काय गमावले आहे याचा हिशेब होई.

भूल देणे हे मोठे संकट होते. जबड्याचा पुढील भाग तुटलेल्या रुग्णाला उताणे झोपवल्यास जीभ मागे पडून श्वास कोंडतो. अशा जखमींना बसवून किंवा पालथे झोपवून न्यावे, हा धडा आघाडीवरील मृत्यूंनी शिकवला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचा मुखवटा आणि शल्यचिकित्सकाचे हात यांना एकच जागा हवी असे. युद्धानंतर सिडकप येथे नेमलेल्या आयव्हन मगिल व स्टॅन्ली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. चेहरा मोकळा ठेवणारी ही पद्धत पुढे सर्वच शस्त्रक्रियांसाठी रूढ झाली.

चित्रकार हेन्री टाँक्स हे स्वतः शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतलेले होते. ऑल्डरशॉटपासूनच त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे चेहरे पेस्टल रंगांत टिपले. शस्त्रक्रियांच्या आकृत्याही त्यांनी काढल्या. ही चित्रे आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहेत. त्याबरोबरच छायाचित्रे आणि प्लास्टरचे साचे यांच्या आधारे प्रत्येक शस्त्रक्रियेची आखणी होई.

रुग्णांचे जीवन

एका रुग्णावर अनेकदा दहा किंवा त्याहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागत आणि उपचार काही वर्षे चालत. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात रुग्णांना खेळणी बनवणे, कोंबडीपालन अशी कामे शिकवली जात. रुग्णालयाच्या खोल्यांत आरसे ठेवलेले नसत. सिडकप गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगवली होती. तेथे रुग्ण बसलेले असतील याची गावकऱ्यांना आगाऊ कल्पना यावी, हा त्यामागील हेतू होता. गावकऱ्यांना दचकू न देण्याची ही व्यवस्था रुग्णांना मात्र आपल्या वेगळेपणाची जाणीव करून देई. गिलीज रुग्णांशी थट्टामस्करी करत आणि पुढील शस्त्रक्रियेत काय होणार हे त्यांना समजावून सांगत. काही रुग्ण पुढे रुग्णालयातच नोकरीला लागले.

नळीदार त्वचापट्टी

ऑक्टोबर १९१७ मध्ये गिलीज यांनी विली व्हिकरेज या नाविकावर शस्त्रक्रिया केली. १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत त्याचा चेहरा गंभीरपणे भाजला होता. चेहऱ्यासाठी छातीवरील त्वचेची पट्टी एका टोकाला जोडलेली ठेवून उचलली असता तिच्या कडा आपोआप आत वळत असल्याचे गिलीज यांच्या लक्षात आले. त्या कडा एकमेकींना शिवल्यास पट्टीची नळी होईल, असे त्यांना सुचले.

या नळीचे फायदे मोठे होते. पट्टीची उघडी, रक्ताळलेली बाजू आत बंद होत असल्याने जंतुसंसर्ग कमी होई. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात ही बाब निर्णायक होती. नळीतून रक्तपुरवठा टिकून राही. दुसऱ्या टोकाला रक्तपुरवठा रुजला की पहिले टोक सोडवून पुढे नेता येई. अशा टप्प्यांनी पोटाची त्वचाही मनगटावाटे चेहऱ्यापर्यंत नेणे शक्य झाले. याच सुमारास ओडेसा येथील नेत्रतज्ज्ञ व्लादिमिर फिलातोव्ह आणि जर्मनीतील ह्यूगो गान्झर यांनीही स्वतंत्रपणे ही पद्धत शोधली होती. तिचा सर्वाधिक विस्तृत वापर मात्र सिडकप येथे झाला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र येईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, ती वापरात राहिली.

सर्वच शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या नाहीत. विमान अपघातात संपूर्ण चेहरा भाजलेल्या एका तरुण वैमानिकावर गिलीज यांनी छातीवरील त्वचेचा मोठा तुकडा एकाच वेळी बसवण्याचा प्रयत्न केला. रुग्णाची प्रकृती आधीच खालावलेली होती. बसवलेली त्वचा सडली आणि १९१८ साली त्याचा मृत्यू झाला. या घटनेनंतर, घाई न करता लहान टप्प्यांनी पुढे जाणे आणि आज टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, हे गिलीज यांच्या शिकवणीचे मुख्य सूत्र बनले.

भारतीय पद्धतीशी संबंध

नाक नव्याने घडवताना गिलीज कपाळावरील त्वचेची पट्टी वापरत. या पद्धतीला पाश्चात्त्य वैद्यकात भारतीय पद्धत असे नाव आहे आणि तिचा पुण्याशी थेट संबंध आहे. म्हैसूरच्या युद्धात ब्रिटिश सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्याजवळील, विटा तयार करणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली ही शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. सुश्रुतसंहितेतही कापलेले नाक त्वचेने पुन्हा घडवण्याचे वर्णन आहे. तेथे त्वचा गालावरून घेतली जाते. गिलीज यांनी कपाळाच्या पद्धतीत हाड व कूर्चेच्या आधाराची भर घातली. काही रुग्णांत त्यांनी बरगडीची कूर्चा आधी कपाळाच्या त्वचेखाली रुजवली आणि नंतर त्वचेसह ती खाली आणून नाकाचा कणा केला.

युद्धोत्तर काळ

१९२० साली गिलीज यांचा चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिडकप येथील रुग्णांच्या नोंदी, छायाचित्रे व आकृत्या यांवर तो आधारलेला आहे. अपयशी ठरलेल्या शस्त्रक्रियाही त्यात दिल्या आहेत. त्याच वर्षी त्यांना सीबीई हा सन्मान मिळाला. शांततेच्या काळात या शाखेला स्वतंत्र स्थान मिळवून देणे मात्र कठीण गेले. अनेक रुग्णालयांना प्लास्टिक सर्जनची गरज वाटत नव्हती. गिलीज यांनी खासगी व्यवसाय सुरू केला व सिडकपचे सहकारी टॉमस पॉम्फ्रेट किल्नर यांच्यासह काम केले. १९३० साली त्यांना सर हा किताब देण्यात आला. त्याच वर्षी त्यांचे नातेवाईक आणि मूळचे ड्युनेडिनचेच आर्चिबाल्ड मॅकिंडो लंडनला आले व गिलीज यांच्या मार्गदर्शनाखाली या शाखेकडे वळले.

जबड्याच्या शल्यचिकित्सेतील गिलीज यांची एक पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. गालाच्या हाडाची कमान मोडून आत दबल्यास कानशिलावर केसांच्या आत लहान छेद घेतला जातो. तेथून स्नायूवरील आवरणाखालून उपकरण सरकवून हाड बाहेर उचलले जाते. व्रण केसांत लपतो. किल्नर व डडली स्टोन यांच्यासह त्यांनी १९२७ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. चेहऱ्याचा मधला संपूर्ण भाग कवटीपासून सोडवून पुढे आणण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी केली. ती त्यांनी स्ट्युअर्ट हॅरिसन यांच्यासह १९५० साली प्रसिद्ध केली. पुढे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल तेसिए यांनी या पायावर कवटी व चेहऱ्याच्या शल्यचिकित्सेची नवी शाखा उभी केली.

दुसरे महायुद्ध आणि नंतर

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये गिलीज, किल्नर, मॅकिंडो आणि रेन्सफर्ड मोलेम असे चारच अनुभवी प्लास्टिक सर्जन होते. या वेळी विभाग आधीच आखण्यात आले. गिलीज यांनी बेझिंगस्टोकजवळील रुक्सडाउन हाउस येथील केंद्र सांभाळले, तर मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिनस्टेड येथे भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. १९४६ साली ब्रिटनमधील प्लास्टिक सर्जनांची संघटना स्थापन झाली. गिलीज तिचे पहिले अध्यक्ष होते.

१९४६ ते १९४९ या काळात गिलीज यांनी मायकेल डिलन यांच्यावर अनेक टप्प्यांत लिंगबदल शस्त्रक्रिया केल्या. जन्माच्या वेळी डिलन यांची नोंद स्त्री म्हणून झाली होती. त्यांच्यावरील शस्त्रक्रियांत गिलीज यांनी नळीदार त्वचापट्टीचाच उपयोग केला. गोपनीयतेसाठी कागदोपत्री वेगळे निदान नोंदवण्यात आले होते. डिलन पुढे बौद्ध भिक्षू झाले व १९६२ साली हिमाचल प्रदेशातील डलहौसी येथे त्यांचे निधन झाले. १९५१ साली गिलीज यांनी रोबर्टा कावेल यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्या काळी या शस्त्रक्रियांना समाजमान्यता नव्हती.

अमेरिकन शल्यचिकित्सक राल्फ मिलार्ड यांच्यासह लिहिलेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला. प्लास्टिक सर्जरीची तत्त्वे आणि कला हा त्याचा विषय आहे.

व्यक्तिमत्त्व व निधन

गिलीज उत्तम गोल्फपटू होते. इंग्लंडकडून ते स्कॉटलंडविरुद्ध खेळले. मासेमारी आणि तैलचित्रे काढणे हे त्यांचे छंद होते. त्यांच्या चित्रांचे लंडनमध्ये प्रदर्शनही भरले होते. वेशांतर करून सहकाऱ्यांना चकवण्याच्या त्यांच्या खोड्या प्रसिद्ध होत्या. १९५७ साली पत्नी कॅथलीन यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या दीर्घकाळच्या सहकारी मार्जरी क्लेटन यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९६० मध्ये एका तरुणीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असताना त्यांना मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार झाला. १० सप्टेंबर, १९६० रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

गिलीज यांच्या हाताखाली अनेक देशांतील शल्यचिकित्सक तयार झाले. त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलेले नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि कुष्ठरोग्यांच्या विकृत झालेल्या हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. गिलीज यांच्या नावाचा सुईधारक व त्वचा उचलण्याचा आकडा ही उपकरणे आजही शस्त्रक्रियागृहांत वापरली जातात.

जबड्याचे अस्थिभंग, तोंडाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना, जन्मजात व्यंगे आणि अपघाती जखमा यांसाठी मुख व जबडा शल्यचिकित्सा ही आज स्वतंत्र विशेष शाखा आहे. भारतात दंतवैद्यकाच्या पदवीनंतर या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. गंभीर रुग्णांवर या शाखेचे तज्ज्ञ प्लास्टिक सर्जन व भूलतज्ज्ञ यांच्यासह उपचार करतात. सिडकप येथे दंतशल्यचिकित्सक व शल्यचिकित्सक यांच्यात झालेली कामाची वाटणी या सहकार्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानली जाते. सिडकप येथील ब्रिटिश विभागाच्या रुग्णनोंदी जतन करण्यात आल्या असून वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांचा उपयोग करतात.